उद्यासाठी राखलेली ओळ

संक्रांत होऊन चार दिवस झाले आणि मी अनगोळच्या घरात पंखा लावून बसले आहे. सांगायचीही लाज वाटते. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा या घरात पंखाच नव्हता. मी माहेराहून एक टेबलफॅन आणला होता, तर सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "ही बघा आमची सून, निपाणीकडची. हिला बेळगावात उकडतंय म्हणं!" गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे लोक या गावाला. आता तीन खोल्यांत तीन पंखे आहेत आणि जानेवारीत तिन्ही फिरताहेत. सासूबाई हे बघायला नाहीत, एका परीनं बरंच झालं.

समोर टेबलावर दोन कोरे फुलस्केप कागद आहेत. पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवलाय. काल हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "बाई, वादविवाद स्पर्धा आहे. विषय जुनाच आलाय, जागतिक तापमानवाढीला माणूसच जबाबदार आहे. दोन्ही बाजू तुम्हीच लिहून द्या, नेहमीसारख्या." नेहमीसारख्या! मी मुकाट्यानं कागद घेतले आणि घरी आले.

आमच्या शाळांतून वादविवाद म्हणजे मुलं वाद घालतात असं कुणी समजू नये. बाई लिहितात, मुलं पाठ करतात. एकाच हातानं, एकाच पेनानं, एकाच बैठकीत दोन्ही बाजू लिहायच्या. अनुकूल बाजू हुशार पण जरा पुस्तकी मुलाला द्यायची आणि प्रतिकूल बाजू आवाज असलेल्या मुलीला. मी विज्ञान शिकवते. खरं काय आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं; कोळसा, तेल, धूर, कारखाने, सगळं फळ्यावर आकृत्या काढून शिकवत आले. पण लिहायला बसलं की काय व्हायचं कुणास ठाऊक! अनुकूल बाजूत आकडे यायचे आणि प्रतिकूल बाजूत आभाळ यायचं, ऋतू यायचे. खोट्या बाजूला माझा हात जास्त चालायचा. त्याचं मला कौतुक होतं, हे आता कबूल करायला हवं.

यंदा माहेरी तंबाखूचा पाला नाही, भावानं लावलाच नाही. मला कळायला लागल्यापासून ही पहिलीच संक्रांत अशी आली. निपाणीपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि आमच्या गावात हिवाळ्याला तंबाखूचा वास असतो. पौषात तंबाखू अख्ख्या झाडानिशी कापला की तो शेतातच ओळीनं आडवा घालायचा आणि उन्हात वाळू द्यायचा. वाळलेला पाला फार नाजूक. दिवसा हात लावलात तर चुरा होऊन हातात येतो. म्हणून तो पहाटे उलटायचा, दव पडून मऊ झाल्यावर. आमचे आप्पा, म्हणजे वडील, ओळीच्या टोकाला उकिडवे बसायचे, एक पान तळहातावर घेऊन अलगद मूठ मिटायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज आला नाही की मान हलवायचे, आम्ही सगळे कामाला लागायचो. आवाज आला की उठून उभे राहायचे. "पाला बोलतोय. हात लावू नगा कुणी." मग दव मुरेपर्यंत शेकोटीपाशी बसायचं. पुढं ऊन वर आलं आणि कुठं एखादं पान कुरकुरलं की अर्धी ओळ राहिली असली तरी काम तिथंच बंद.

आणि एक शेवटची ओळ मुद्दाम राखायची. वेळ असला, दव असलं, हात मोकळे असले तरी ती उलटायची नाही. मी एकदा विचारलं होतं, का म्हणून? आप्पा म्हणाले, "समदं आजच उलटलंसा तर उद्या दवानं पडायचं कुणासाठी गं?" यात विज्ञान काही नाही. पण मी बीएस्सीला असतानासुद्धा सुट्टीत घरी गेले की ती ओळ ओलांडून यायची, तिला हात लावायची नाही.

थंडी अशी असायची की बोटं वाकायची नाहीत. माझा थोरला भाऊ, अण्णा, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, तो आपलं घोंगडं माझ्या डोक्यावर टाकायचा आणि स्वतः सदऱ्यावर राबायचा. मी तोंडातनं वाफ सोडून विडी ओढल्याचं सोंग करायची. "आप्पा, सुमी विडी ओढाय लागली बघा!" असं तो ओरडायचा आणि आप्पा पाठ न वळवता म्हणायचे, "ओढू दे, आपल्याच पाल्याची हाय." ओल्या पाल्याचा वास मधासारखा गोड यायचा आणि शेवटी घशात खवखवायचा. घरी येऊन चहाचा कप धरला की बोटांवरनं तो वास पुन्हा यायचा. अजूनही निपाणीच्या स्टँडवर उतरलं की वखारींकडनं तो झुळकेबरोबर येतो आणि मला उगीचच रडू येतं.

दव कधी कमी झालं ते सांगता येत नाही. एखादं वर्ष असं जायचं, तेव्हा लोक म्हणायचे, यंदा थंडी न्हाय. मग म्हणायला लागले, हल्ली थंडी न्हाय. मधेच ऐन वाळवणात पाऊस यायचा आणि पाला काळा पडायचा. आप्पा तोवर गेले होते. मूठ मिटून ऐकायचं काम अण्णाकडं आलं होतं आणि रोज पहाटे पाला त्याच्या मुठीत बोलायला लागला होता.

अण्णानं त्याचा दोष स्वतःला लावून घेतला. ओढ्याकाठी आमची जांभळं होती, दोन उंबर होते, करंज होते. दोन ओळी वाढतील म्हणून त्यानं ते एका उन्हाळ्यात काढले होते. आता तो म्हणायचा, "सावली काढलो, गारवा गेला. आप्पांनी राखल्यालं मी घालवलो." वैनीनं समजावलं, मी समजावलं. शेजारच्या शेतातली झाडं जागेवर होती आणि दव तिथंही पडत नव्हतं. पण त्याच्या डोक्यातनं जाईना. जेवताना ताटावरनं उठायला लागला. आमचा अण्णा, जो गावच्या जत्रेत पंगतीत शेवटी उठणारा!

असल्याच एका हिवाळ्यात, आठ वर्षं झाली, तो बेळगावजवळ येळ्ळूरला एका लग्नाला आला होता. मी त्याला म्हटलं, दुपारी शाळेत ये, माझ्या मुलींची वादविवाद स्पर्धा आहे. आला बिचारा. फेटा काढून मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसला. विषय हाच. प्रतिकूल बाजू दीपाली नावाच्या नववीतल्या मुलीकडं होती. लहानखुरी, पण आवाज असा की माईक बाजूला सारून बोलली तरी चालावं. तिनं हात उंचावून म्हटलं, "माणसा, तू स्वतःला समजतोस तरी कोण? ऋतू म्हणजे रहाटगाडगं आहे. आज रिकामं होऊन खाली गेलेलं गाडगं उद्या भरून वर येणारच. गेलेली थंडी परत येणारच!" सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. परीक्षकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी मागं बघितलं तर अण्णा फेट्यानं डोळे पुसत होता.

ढाल आम्हाला मिळाली. ती काखेत मारून मी अण्णाबरोबर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. अण्णा बशीत चहा ओतून तसाच बसला. मग म्हणाला, "सुमे, त्या पोरीनं म्हणलं ते खरं गं?"

आणि मी, विज्ञानाची बाई, ढालीच्या आनंदात हसून म्हणाले, "खरं म्हंजे काय अण्णा, मीच लिवलंय की ते!"

तो चहा अण्णा मिटक्या मारत प्यायला. दुसरा मागवला. मी किती खूश झाले होते त्याला असं बघून! त्या वेळी मला वाटलं, बरं झालं, माणूस मार्गी लागला.

पुढं त्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी फोनवर पाठवला आणि तो गावोगाव फिरला. एकदा मी बेळगाव-निपाणी बसमध्ये होते. संकेश्वरच्या अलीकडं दोघांचं जुंपलं होतं. एक कॉलेजात शिकवणारा वाटत होता, तो कारखान्यांचं, गाड्यांचं सांगत होता. दुसरा पांढऱ्या टोपीतला म्हातारा ऐकून घेईना. "आमच्या चुलीनं आभाळ तापतंय व्हय? सायेब, बेळगावच्या एका पोरीनं भाषणात दाखवून दिलंय. रहाटगाडगं हाय हे. फिरून येतंय समदं." त्यानं फोन काढला आणि दीपालीचा आवाज बसभर झाला. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवून मान डोलावली. कॉलेजातला माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. मी पदर डोक्यावरनं पुढं ओढून घेतला, जसं काही लोक मला ओळखणारच होते. तेव्हासुद्धा मी उठून म्हटलं नाही, की अहो, ते मी लिहिलंय आणि ते खरं नाही. निपाणी आल्यावर मुकाट्यानं उतरले.

हे सगळं मला निभावून नेता आलं असतं. स्पर्धा आहे, असं चालतंच, अशी स्वतःची समजूत घातली असती. पण गेल्या हिवाळ्यात वैनीचा फोन आला. वैनी फोनवर कधी दोन वाक्यांच्या पुढं जात नाही. "वन्सं, येऊन जावा एकदा. तुमच्या भावाचं मला काय कळंना झालंय."

गेले तर घरात ही शांतता. वैनीनं मला चुलीपाशी बसवून हळू आवाजात सांगितलं. अण्णा रोज पहाटे चारला उठतो, पाठीवर औषध मारायचा पंप घेतो, त्यात औषध नाही, नुसतं पाणी भरतो आणि ओळीओळीनं पाल्यावर फवारतो. मग मूठ मिटून बघतो. पाला गप बसला की उलटायला लागतो.

"दव पाडतोय म्हणं," वैनी म्हणाली. "ते पाणी आतवर मुरतंय, पाल्याला बुरशी यायलीय, ढिगात वास मारतंय. गावातली पोरं हसत्यात. ऊस लावूया म्हणलं, मूग-सोयाबीन काय तरी करूया म्हणलं, तर म्हणतंय, थंडी फिरून यायचीय, तंवर पाल्याची सवय मोडाय नगो. सुमीनं लिवलंय. सात साल झाली वन्सं, एकच धरून बसल्यात. सुमीनं लिवलंय, सुमीनं लिवलंय!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वैनीच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती आणि भाकरी थापत होती.

संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर येऊन बसला. थकलाय किती! पंपाच्या पट्ट्यानं खांद्यावर काळा वळ उठला होता. माझ्या मुलांची चौकशी केली, बेळगावात थंडी हाय का म्हणून विचारलं. मी म्हटलं न्हाय. "येतंय, येतंय," असं तोच मला समजावणीच्या सुरात म्हणाला.

मी सांगून टाकलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, शब्द नीट नव्हते. पोरीनं म्हटलेलं मी स्पर्धेसाठी लिहिलं होतं अण्णा. दोन्ही बाजू मीच लिहिल्या होत्या. दुसरी बाजू खरी होती. थंडी अशी फिरून यायची नाही, आपण बघू तेवढ्या दिवसांत तरी नाही. हे माणसांनीच केलंय.

रस्त्यावरनं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, गाणं लावून. तो लांब जाईपर्यंत अण्णा थांबला आणि मग त्यानं विचारलं, "माणसांनी म्हंजी, त्यात मी धरलोय का गं?"

तीस वर्षं मी वर्गात हा धडा शिकवते. एकाही मुलानं हा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, "तू कितीसा अण्णा! जन्मात एकदा रेल्वेत बसलायस. ज्यांनी लई केलं ती लांब हाईत."

"पण धरलोय."

"थोडा. सगळेच धरलोय."

"जांभळं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पुन्हा एक गोड खोटं, त्यानं काय बिघडलं असतं? पण सातच मिनिटांपूर्वी खरं बोलायची शपथ मनात घेतलेली बाई मी. "त्या चार झाडांनी एवढं होत न्हाय अण्णा. पण सगळ्यांचीच चार-चार झाडं..." एवढंच म्हणाले. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, उठला, पंप सोप्यातल्या खुंटीला अडकवला आणि जेवायला चला म्हणाला. तो जेवला मात्र नाही.

पहाटे मला थंडीनं जाग आली. आधी समजेचना, पाय पोटाशी का घेतलेत. वैनी दारात उभी होती. "आज उठलं न्हाईत," ती म्हणाली. पन्नास वर्षांत हंगामात अण्णा उठला नाही असं झालं नव्हतं. आत भिंतीकडं तोंड करून तो पडला होता आणि डोळे उघडे होते. याच माणसानं पंपाचा नाद सोडावा म्हणून वैनीनं मला बोलावून घेतलं होतं, आणि आता तीच पदर तोंडात धरून विचारत होती, "उठवू का वो वन्सं?"

मी चप्पल घालून शेताकडं गेले. बांधावरच पाय भिजले. पाल्यावर हात ठेवला तर गार, ओला. एक पान तळहातावर घेतलं, मूठ मिटली, कान दिला. आवाज नाही. सगळ्या रानावर दव पडलं होतं, माझ्या लहानपणी पडायचं तसं. मधाचा वास सुटला होता. तोंडातनं वाफ येत होती.

मी तिथंच बांधावर बसले. एका पहाटेच्या दवानं काही सिद्ध होत नाही. चार दिवस गार पडलं म्हणजे हवामान परत आलं नाही, हे मी दर वर्षी आठवीला शिकवते. पण हे अण्णाला सांगायला गेले तर तो उठून बसेल, म्हणेल, बघ सुमे, आलं का न्हाय फिरून! पुन्हा तो पंप, आणखी सात वर्षं. आणि नाही सांगितलं तर पाला तसाच राहील, ऊन येईल, आणि एवढ्या वर्षांनी पडलेलं खरं दव त्याला हात न लावताच वाळून जाईल. हे मला करवेना. पाला गप आहे आणि अण्णा घरात पडलाय, असं आमच्या घरात कसं होऊ द्यायचं?

घरात येऊन मी त्याच्या उशाशी बसले. "अण्णा, ऊठ. दव पडलंय." तो वळला नाही. "खरं पडलंय. पाला गप हाय. पण आजच्यापुरतं हाय अण्णा. आजच्यापुरतंच."

बऱ्याच वेळानं तो उठला. चूळ भरली. जुनं घोंगडं काढलं आणि जाता जाता सवयीनं माझ्या डोक्यावर टाकलं. शेतात आल्यावर ओळीच्या टोकाला उकिडवा बसला, मूठ मिटली, ऐकलं. मान हलवली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल. त्यानं "उद्या?" एवढंच विचारलं.

"सांगता येत न्हाय," मी म्हणाले.

मग आम्ही तिघं कामाला लागलो. त्याची बोटं मला बघायला मिळाली हेच माझं भाग्य. एक देठ मोडला नाही, एक पान फाटलं नाही. लहान मूल कुशीवर वळवावं तसा तो पाला वळवत होता. वैनीचा हात चालला होता, माझी कंबर मोडली होती, पण मी थांबले नाही. पूर्वेकडं तांबडं फुटलं. मग ऊन बांधावर आलं, मग आमच्या पाठीवर आलं. एका ओळीत पहिलं पान कुरकुरलं. मी हात मागं घेतला. वैनी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, पाला बोलायलाय. बास करा आता."

अण्णानं ऐकलं नाही. हाताखालची ओळ संपवून तो पुढच्या ओळीत सरकला, आणि ती संपल्यावर शेवटच्या ओळीपाशी गेला, जी आम्ही कधीच उलटत नव्हतो. आता पाला सगळीकडं बोलत होता. त्याच्या बोटांत पानं मोडत होती, चुरा सदऱ्यावर उडत होता, आणि तो एकेक झाड उचलून तसाच वळवून ठेवत होता, सावकाश, आप्पांनी शिकवलं होतं तसं. "अण्णा, ती राहू दे. ती उद्यासाठी," मी ओरडले. त्यानं मान वर केली नाही. शेवटचं झाड वळवून झाल्यावर त्यानं हात झटकले आणि रिकाम्या हातांनी घराकडं चालू लागला.